चार तुटले, पाच कापले

ता. ४, सोमवार

भुऱ्याचा नवा पट्टा आज पुरा झाला. दोन पदरी चामडं, मेण लावलेला धागा, हुकाजवळ नऊ टाके, तेही दुहेरी. याला बैल बांधला तरी तुटायचा नाही. बेचाळीस वर्षं बॅगा शिवल्या, पण माझी शिवण कधी परत आली नाही. चहाचा कप धरला की हात थरथरतो, चामड्याला भोक पाडायची आरी धरली की थरथरत नाही. असं का, ते डॉक्टरांना विचारायचं राहून जातं. राहून जातं म्हणून काळजी लागते.

भुऱ्या हा नातीचा कुत्रा, पण त्याला सकाळी फिरवायचं काम माझं. मुलगा आणि सूनबाई कामावर जातात, नात शाळेत. या घरात मला हे एकच काम आहे. ते नीट झालं पाहिजे.

बागेत टायपिस्टबाई भेटल्या. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर भाचीबरोबर राहतात. कोर्टात चाळीस वर्षं टायपिंग केलं. लग्न केलं नाही. अजूनही बोलता बोलता बोटं मांडीवर टकटक चालतात. माझे सगळे अर्ज त्यांनीच लिहून दिले. माझं शिक्षण चौथीपर्यंत.

भुऱ्याला पाहून त्या नेहमीसारख्या बाकाच्या पलीकडे गेल्या. लहानपणी एक कुत्रा मागे लागला होता म्हणे, तेव्हापासून भीती. म्हणाल्या, "बॅगवाले, आखूड धरा हो."

मी म्हटलं, "बाई, तो काही करत नाही. लाड करायला येतो."

"त्याला सांगा, आधी अर्ज करायचा. मंजूर झाला तर मी कळवीन."

मला हसू आलं. पण बरंही वाटलं नाही. सहा महिने झाले, आम्ही एका बाकावर बसून बोललो नाही. मध्ये दहा पावलं असतातच. आधी बसायचो. भुऱ्या यायच्या आधी.

ता. ७, गुरुवार

आज बागेत टायपिस्टबाई पडल्या. भुऱ्याचा पट्टा हुकाजवळ तुटला आणि तो त्यांच्याकडे धावला. चावला नाही. साधा ओरखडासुद्धा नाही. त्या मागे सरकल्या आणि कारंज्याच्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं आहे. दवाखान्याची गाडी आली, घेऊन गेली.

पट्टा तुटला. सगळ्यांना तसंच सांगितलं आहे. इथेही तसंच लिहितो.

ता. ८, शुक्रवार

सूनबाई कपाट आवरते, म्हणून काल खरं लिहिलं नाही. आता वही हत्यारांच्या पेटीत ठेवली आहे. ती कुणी उघडत नाही.

पट्टा तुटला नाही. मी सोडला.

बाई कारंज्यापाशी उभ्या होत्या. बाग रिकामी होती. मनात आलं, आज यांची भीती घालवूनच टाकू. एकदा भुऱ्याने हात चाटला की त्यांना कळेल, हा कसा आहे ते. मग बाकावर बसता येईल. एवढंच मनात होतं. मी वाकून हूक काढला. बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "नको. बॅगवाले, नको." मला वाटलं, त्या कुत्र्याला नको म्हणताहेत. तोवर तो गेलाच. त्याला कुणी दिसलं की उडी मारायची सवय आहे. बाईंनी तोंडही फिरवलं नाही. नुसत्या मागे मागे गेल्या. पायरी त्यांना दिसलीच नाही.

पडल्यावर ओरडल्या नाहीत. मीच ओरडलो.

माणसं जमली. कुणी तरी विचारलं, "आजोबा, सुटला कसा?" तोंडातून निघालं, "तुटला." मग घरी येऊन ते खरं करावं लागलं. सगळे टाके कापले असते तर कुणालाही कळलं असतं. कापलेला धागा सरळ असतो, तुटलेल्याचे केस सुटतात. म्हणून चामडं कापायच्या रापीने पाच टाके कापले, पट्ट्याचं टोक दारात अडकवलं आणि अंगाचं सगळं वजन टाकून बाकीचे चार तोडले. दोन वेळा ओढावं लागलं. इतकी पक्की होती शिवण. मग सगळी टोकं जमिनीवर घासली.

मुलगा कामावरून आला तेव्हा मी पट्टा दाखवला. तो बराच वेळ टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिला. मग टेबलावर ठेवून दिला. तो ऑफिसातला माणूस, त्याला यातलं काही कळत नाही. बरंच झालं. लहानपणी माझ्याजवळ बसून धाग्याला मेण लावायचा, पण ते आता कुठलं लक्षात असणार.

ता. १४, गुरुवार

सहा दिवस भूक नाही. बाईंचं ऑपरेशन झालं, आत रॉड बसवला आहे.

बाईंच्या भाचीने पालिकेत तक्रार केली. आज त्यांचा माणूस आला. कुत्र्यांच्या परवान्याचं तोच बघतो. खुर्चीवर बसायच्या आधीच भुऱ्या त्याच्या अंगावर गेला. त्याने विजार झाडली आणि विचारलं, "असाच येतो का हा सगळ्यांच्या अंगावर?"

नात म्हणाली, "त्याला माणसं आवडतात."

"माणसांना तो आवडतो का, हे कुणी विचारलंय?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला राग आला. पण मी हात मांडीखाली दाबून बसून राहिलो.

त्याने नियम सांगितला. कुत्रा मोकळा सोडला आणि कुणाला इजा झाली तर परवाना रद्द, कुत्रा जप्त. पट्टा बांधलेला असून तुटला असेल तर तो अपघात. समज देऊन सोडतात. मग मला विचारलं. मी पट्टा दिला. त्याने तो खिडकीशी नेला.

"शिवण कुणाची?"

"माझीच."

"म्हणजे तुमचीच शिवण कच्ची निघाली."

मी हो म्हटलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. नात माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती, म्हणून म्हटलं.

दवाखान्यात जाऊन त्याने बाईंचाही जबाब घेतला. पट्टा तुटला असेल, मी नीट पाहिलं नाही, असं त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्याने फोनवर मुलाला कळवलं. म्हणजे बाईंनी पाहिलंच नव्हतं. उगाच इतके दिवस जीव टांगणीला लावून घेतला. आज दोन घास जास्त गेले.

ता. १९, मंगळवार

दवाखान्यात गेलो. आधी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो होतो.

बाईंची खाट खिडकीशी. अंगाने अर्ध्या झाल्या आहेत. वेणी भाचीने घातली असावी, वाकडी होती. चादरीवर बोटं टकटक चाललेली. मी संत्री ठेवली. कसं आहे विचारलं. म्हणाल्या, "खाटेवर आहे."

मग त्यांनीच विषय काढला. "पट्टा कुठे तुटला?"

"हुकाजवळ."

"टाके किती होते?"

"नऊ."

"नऊच्या नऊ गेले?"

"हो. एकदम गेले. धागा जुना होता, मेण सुकलं होतं, त्यात त्या दिवशी दव पडलं होतं, आणि तो उजवीकडे ओढत होता…"

बाई ऐकत राहिल्या. बोटं थांबली. म्हणाल्या, "चाळीस वर्षं लोकांचे जबाब टाइप केले, बॅगवाले. खरं सांगणारी माणसं अडखळायची. बाकीच्यांचं एका दमात टाइप होऊन जायचं." आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

कुठली गोष्ट कुठे नेतात. गुंगीच्या औषधाने होत असेल. नर्सला सांगायला हवं होतं, विसरलो.

निघताना म्हटलं, काही लागलं तर सांगा. त्या म्हणाल्या, "मला काय लागतंय ते तुम्हाला माहीत आहे." उशी असेल. त्यांची उशी फार पातळ होती.

ता. २२, शुक्रवार

उशी पाठवली. भाचीने परत पाठवली.

आमच्या इमारतीत मी आणखी दोघांना पट्टे शिवून दिले होते. दोन्ही परत आले. एकीने दाराच्या कडीला अडकवून ठेवला, बेल वाजवायचेही कष्ट घेतले नाहीत. दुसरा पंपवाला. तिसऱ्या मजल्यावर राहतो, पेट्रोल पंपावर आहे, एकटा जीव. त्याची कुत्री राणी. तो मात्र आत येऊन बसला, ओशाळला.

"काका, रागावू नका. पण तुमच्या घरचाच टिकला नाही…"

"तुझा पक्का आहे रे. ओढून बघ."

"तुमचाही पक्काच वाटत होता की."

मी विचारलं, मग आता कशाने बांधणार? म्हणाला, रविवारी बाजारात जाऊन साखळी आणतो, तोवर अशीच नेतो. शहाणी आहे, पायापायात चालते. मी म्हटलं, अशी नेऊ नकोस. तर हसला. "काका, बांधलेल्याचं काय झालं ते बघितलं ना!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पट्टा त्याच्या पाठोपाठ जिन्यावर घेऊन जायला हवं होतं. जिने चढवत नाहीत, हे खरं आहे. पण ते कारण नव्हतं.

ता. २६, मंगळवार

राणी गेली.

रविवारी पंपवाल्याला जादा पाळी लागली, साखळी आणायची राहिली. आज सकाळी कोपऱ्यावर तिला पलीकडे मांजर दिसलं. टेम्पोवाल्याची काही चूक नाही. त्याने ब्रेक लावला, तर मागची सायकलवाली त्याच्यावर आदळली. तिचे दोन दात पडले.

मी गॅलरीतून पाहिलं. पंपवाल्याने स्वतःचा पंपावरचा शर्ट काढून राणीवर टाकला आणि बनियनवर फुटपाथवर बसून राहिला. माणसं त्याच्या बाजूने कामावर जात होती. मी खाली गेलो. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "काका, तुम्ही सांगत होतात."

तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने माझा हात धरला.

ता. २७, बुधवार

आज मुलाला सांगितलं. सूनबाई आणि नात बाहेर गेल्या होत्या. मी म्हटलं, "पट्टा तुटला नव्हता."

तो बूट पुसत होता. वर न बघता म्हणाला, "चार तुटले, पाच कापले. पहिल्याच दिवशी कळलं, बाबा. मेण लावायला कोण बसायचं तुमच्याजवळ?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? पोरीला काय सांगू, की तुझ्या आजोबांनी…" त्याने ब्रश ठेवून दिला. "आता मिटलंय ते. बाईंनी पण सोडून दिलंय. कुत्रं गेलं तर पोरगी जेवायची नाही. गप्प बसा."

"राणी मेली."

"ती तुमच्यामुळे नाही मेली."

त्याने हे इतक्या लवकर म्हटलं की त्यालाही ते आधीच सुचलं असणार.

ता. २८, गुरुवार

बाईंना परवा घरी आणलं. सकाळी गेलो. भाचीने दार उघडलं, तोंड फिरवून आत घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. बाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. बाजूला लोखंडी वॉकर.

मी उभ्या उभ्याच म्हटलं, "बाई, मी हूक काढला होता."

"एकवीस दिवस लागले," बाई म्हणाल्या.

"तुम्ही पाहिलं होतं?"

"तुमच्या समोर उभी होते. तुम्ही वाकलात, बोटांनी हूक मागे ओढलात आणि माझ्याकडे बघून हसलात. मी नको म्हटलं."

"मला वाटलं, भुऱ्याला म्हणताय."

"कुत्र्याला मी बॅगवाले कशी म्हणीन?"

भाची म्हणाली, "मावशी, मग पालिकेच्या माणसाला सांगितलं का नाहीस?" तिलाही हे माहीत नव्हतं.

बाई तिच्याशी न बोलता मला म्हणाल्या, "म्हटलं, हे स्वतः सांगतील. रोज दाराकडे बघत होते. तुम्ही आलात, संत्री आणलीत, आणि नऊ टाके सांगितलेत."

मी सांगायचा प्रयत्न केला. तुमची भीती जावी म्हणून केलं, एकदा त्याला हात लावला असता तर कळलं असतं, वाईट मनात नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझी भीती माझी होती," बाई म्हणाल्या. "साठ वर्षं सांभाळली मी ती. ती घालवा म्हणून मी तुमच्याकडे अर्ज केला होता का? मी तुम्हाला एकच गोष्ट मागत होते. पट्टा आखूड धरा. रोज मागत होते."

मी म्हटलं, "तो चावला नाही, बाई." हे का म्हटलं ते मला अजून कळत नाही.

"मग चावा घेतल्यासारखी मी का पडले आहे?"

भाची रडत होती. बाई नाही. म्हणाल्या, "आता जा. जबाब बदलून या. माझ्यासाठी नाही. त्या पंपवाल्याला वाटतंय की बांधून काही उपयोग नसतो. त्याच्यासारखं आणखी कितीजणांना वाटत असेल."

राणीचं त्यांना कुणी सांगितलं ते माहीत नाही. कदाचित खिडकीतून आवाज आला असेल.

ता. २९, शुक्रवार

पालिकेत गेलो. आधी थांबत थांबत जिने चढलो आणि पंपवाल्याच्या दारात उभं राहून त्याला सांगितलं. त्याने दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

ऑफिसातला तो माणूस म्हणाला, "आजोबा, फाइल बंद झाली. घरी जा. वयामुळे होतं असं, मागाहून काहीबाही वाटत राहतं." मी पट्टा टेबलावर ठेवला. धाग्याची टोकं त्याला एक एक करून दाखवली. हे बघा, हे तुटलेलं. हे कापलेलं. हात अजिबात थरथरत नव्हता. शेवटी त्याने कागद पुढे केला. पहिल्यांदाच मी माझा अर्ज माझ्या हाताने लिहिला. पाच ओळी. अडखळत लिहिला.

ता. ३, मंगळवार

पालिकेची गाडी आज आली. दोन माणसं, एक जाळी, एक लांब काठी. काहीच लागलं नाही. भुऱ्याने त्यांच्याही अंगावर उडी मारली, एकाचं तोंड चाटलं आणि गाडीचं मागचं दार उघडं दिसल्यावर स्वतःच आत चढला. त्याला वाटलं, फिरायला नेताहेत. जाळीतून नातीकडे बघून शेपटी हलवत होता.

तो माणूस गाल पुसत म्हणाला, "चांगला आहे हो."

नात म्हणाली, "मग का नेता?"

त्याने गाडीचं दार लावलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्यामुळे, बाळ. मी सोडला होता त्याला." ती आत गेली. तेव्हापासून जेवायला हाक मारायची असली तर आईला सांगते, "त्यांना बोलाव."

मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलतो. सूनबाईने फक्त एवढंच विचारलं, "आता सकाळी तुम्ही काय करणार?" वाईट बुद्धीने नाही विचारलं.

ता. १२, गुरुवार

नऊ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आज बाईंकडे गेलो. डॉक्टर म्हणाले आहेत की एक पाय आखूडच राहणार, घरातल्या घरात चालता आलं तरी पुष्कळ. हे भाचीने उंबऱ्यातच सांगितलं. मग म्हणाली, "मावशी म्हणते, इथपर्यंतच या."

मी चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. खोली लांबट आहे. खाटेपासून दारापर्यंत दहा पावलं असतील, माझी. बाईंनी माझ्याकडे न बघता वॉकर पुढे ओढला. भाची बाजूला, हात लावायला तयार. बाई उभ्या राहिल्या. ओठ आत घेतलेले. वॉकर पुढे, मग पाय, मग दुसरा ओढून. मी म्हटलं, "बाई, पालिकेत सांगून आलो. कुत्रा नेला."

"कळलं," त्या म्हणाल्या. "बोलू नका. मोजतेय."

एक. दोन. तीन. चौथ्या पावलाला त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि वॉकरचा पाय गालिच्याच्या काठाला अडकला. त्या एका बाजूला कलल्या. माझा पाय आपोआप उंबऱ्याच्या आत पडला.

"तिथेच," बाई म्हणाल्या.

मी पाय मागे घेतला. भाचीने त्यांना काखेत धरलं, पण त्या सावरल्या नाहीत, हळूहळू खाली बसत गेल्या. जमिनीवर बसल्या. धापा टाकत होत्या. मी दोन्ही हातांनी चौकट धरली आणि जागचा हललो नाही.